पंक्चरची जुनी डबी उघडताना

डनलॉप या टायर कंपनीची, सायकलचं पंक्चर काढायच्या सामानाची पत्र्याची जुनी डबी हाती लागली, तर आधी ती घासू नका. झाकणावरची छापील अक्षरं म्हणजे रंगाचा पातळ थर असतो. रॉकेल किंवा काचपेपर लावला की गंजासोबत तीही निघून जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपा आणि गंज आहे तसा राहू द्या. मला तर थोडी गंजलेली, पण नाव नीट वाचता येणारी डबीच जास्त आवडते.

आता आतला ऐवज. रबराचे पॅच, ते चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब, खडू, काचपेपरचा तुकडा, वॉल्व्हची बारीक रबरी नळी, कधी छोटा पानाही. रबरातून हळूहळू गंधकाची संयुगं सुटतात आणि शेजारचा धातू काळवंडतो. म्हणून पॅच आणि नळी बटर पेपरमध्ये गुंडाळून वेगळी ठेवा, पण ती त्याच डबीतली आहेत याची चिठ्ठी लावायला विसरू नका. सोल्युशनची ट्यूब दाबून बघायचा मोह टाळा. जुना पातळ पत्रा लगेच फाटतो, आतला द्रव पेट घेणारा असतो.

काळ ओळखायचा तर किंमत शोधा. शिलिंग-पेन्समध्ये छापलेली असेल तर डबी बहुधा फेब्रुवारी १९७१ पूर्वीची ब्रिटिश. आण्यांत असेल तर साधारण १९५७ पूर्वीची, आपल्याकडची. पावसाळ्यात सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी हवीच.