वाचनालयाची साईट नव्याने करताय? मग आधी फाईल्सची तयारी

साईट नवीन करायची, होस्टिंगही (साईट ठेवायची भाड्याची सर्व्हरवरची जागा) बदलायचं असं कार्यकारिणीत ठरलं की पहिली चर्चा रंगांची आणि होमपेजवर कुठला फोटो येणार याची होते. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याच्या महिनाभर तरी आधी फाईल्स बघायला बसा. डिझाईन पुढच्या वर्षी परत बदलता येईल, पण व्याख्यानमालेचे जुने फोटो, स्कॅन केलेले अहवाल, कॅसेटवरून उतरवलेली भाषणं सर्व्हरवरून गेली की मूळ प्रत कोणाच्या घरी होती इथून शोध सुरू होतो, आणि बऱ्याचदा ते माणूसही नसतं आणि ते घरही विकलेलं असतं. खालचं सगळं वर्डप्रेस (साईट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) धरून लिहिलंय, छोट्या संस्थांच्या बऱ्याच साईट त्यावरच असतात.

सगळ्यात आधी एक शीट उघडा. पुस्तक जसं दाखल नोंदवहीत चढल्याशिवाय कपाटात जात नाही तसंच इथे करायचं, प्रत्येक फाईलला दाखल नंबर. पुढे फाईलचं नाव, त्यात काय आहे, साधारण कुठल्या सालातलं, फोटो कोणी काढला, वापरायची परवानगी कोणी दिली, मूळ मोठी प्रत कुठल्या हार्डडिस्कवर आहे, आणि ती फाईल साईटच्या कुठल्या कुठल्या पानांवर लागलीय. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून लोक तो सोडून देतात, आणि पुढे सगळा घोळ तिथूनच होतो. बाकीचे रकाने अर्धवट राहिले तरी चालतील पण हा भराच.

यादी करायला वर्डप्रेसमधली मीडिया लायब्ररी, म्हणजे चढवलेल्या फाईल्स जिथे दिसतात ते पान, लिस्ट व्ह्यूमध्ये उघडा. तिथे ‘अपलोडेड टू’ म्हणून एक रकाना दिसतो आणि ‘अनअटॅच्ड’ असं फिल्टरही असतं, आणि ते बघून वाटतं की अनअटॅच्ड म्हणजे कुठेच न वापरलेला फोटो, उडवून टाका. तसं अजिबात नाहीये! ज्या पानाचं एडिटर उघडून फोटो चढवला होता तेवढं एकच पान तिथे दिसतं, तोच फोटो नंतर अजून चार पानांवर लावला, हेडरमध्ये लावला, स्लायडरमध्ये (सरकत्या फोटोंच्या पट्टीत) टाकला तर त्याची नोंद तिथे नसते, आणि थेट लायब्ररीत चढवलेला फोटो तर रोज होमपेजवर झळकत असला तरी अनअटॅच्डच दिसू शकतो. म्हणून वापर शोधायचा तो पानं प्रत्यक्ष उघडून आणि फाईलचं नाव सगळ्या मजकुरात सर्च करून. त्यात वर्डप्रेसमध्ये पोस्ट डिलीट केली तर ती कचऱ्यात जाते, परत आणता येते, पण मीडियाला कचराकुंडी मुळात चालूच नसते, डिलीट म्हणजे कायमचं डिलीट. वर्डप्रेसच्या कॉन्फिग (मूळ सेटिंगच्या) फाईलमध्ये एक ओळ टाकून मीडियासाठी ट्रॅश चालू करता येतो, ते काम डेव्हलपरकडून पहिल्याच दिवशी करून घ्या, आणि यादी पूर्ण होईपर्यंत कोणीही काहीही उडवायचं नाही असं ग्रुपवर स्पष्ट सांगून ठेवा.

मग सर्व्हरवरचा अपलोड्स फोल्डर. त्यात वर्ष आणि महिन्याप्रमाणे फोल्डर असतात, तो उघडला की आपण चढवले त्याच्या कितीतरी पट फोटो दिसतात आणि माणूस घाबरतो. होतं असं की वर्डप्रेस प्रत्येक मोठ्या फोटोच्या १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या कॉप्या बनवतं, आणि २०१९ च्या ५.३ व्हर्जनपासून फोटो २५६० पेक्षा मोठा असेल तर त्याची ‘स्केल्ड’ म्हणून अजून एक कॉपी करून तीच वापरतं, वर मूळ फोटो तसाच पडून राहतो. म्हणजे फोनवरचा एक मोठा फोटो चढवला की सर्व्हरवर ८ फाईल्स, आणि थीमने (साईटच्या डिझाईनच्या साच्याने) स्वतःचे आकार मागितले असतील तर अजून जास्त. असे दोन हजार फोटो म्हणजे सोळा हजार फाईल्स झाल्या, आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर जीबीसोबत फाईल्सच्या संख्येवरही मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या. पण म्हणून एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाईल्स थेट हाताळायच्या सोयीने) आत शिरून छोट्या कॉप्या हाताने उडवू नका, त्यातलीच एखादी कुठल्यातरी पानावर लागलेली असते. उलटही बघा, कोणी पूर्वी एफटीपीने थेट फोल्डरमध्ये पीडीएफ टाकल्या असतील तर त्या मीडिया लायब्ररीत दिसतच नाहीत, त्या वेगळ्या शोधून यादीत चढवाव्या लागतात.

बॅकअप घेताना डेटाबेस (साईटचा मजकूर आणि नोंदी जिथे साठतात तो) आणि अपलोड्स दोन्ही एकाच दिवशी घ्या. नुसता डेटाबेस घेतला तर फोटोंच्या जागी रिकामे चौकोन, नुसता फोल्डर घेतला तर हजारो फोटो आणि कुठला कशाचा काही पत्ता नाही. एक कॉपी वाचनालयातल्या हार्डडिस्कवर, एक गुगल ड्राईव्हवर, आणि तो बॅकअप दुसरीकडे चढवून साईट खरंच उघडते का ते एकदा बघाच.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सभासदांची फोन नंबरसकट एक्सेल, अर्जासोबतची आधार कार्डं, पगारपत्रकं असं काही साईटवर चढलंय का ते शोधा. पान प्रायव्हेट केलं किंवा पासवर्ड लावला की आतली फाईलही लपली असं लोक समजतात, पण साध्या वर्डप्रेसमध्ये फाईलची लिंक ज्याच्याकडे आहे त्याला ती बिनदिक्कत उघडते. गुगलवर आपल्या साईटपुरतं पीडीएफ आणि एक्सेल असं शोधून बघा, काय काय बाहेर पडलंय ते लगेच कळेल. असं काही सापडलं तर बाकी तयारी आणि ‘काही उडवायचं नाही’ हा नियमही बाजूला ठेवून आधी ती फाईल सर्व्हरवरून काढा आणि मग सर्च कन्सोलमधून (साईटवाल्यांसाठीच्या गुगलच्या साधनातून) गुगलला काढायची विनंती टाका. ती विनंती साधारण सहाच महिने टिकते, म्हणून सर्व्हरवरून काढणं आधी. लहान मुलांच्या कार्यक्रमाचे फोटो असतील तर पालकांची परवानगी आहे का ते बघा. फोनवरून थेट चढवलेल्या फोटोत लोकेशनही असू शकतं आणि ती मूळ प्रत सर्व्हरवर तशीच असते, एखाद्या ज्येष्ठ सभासदाच्या घरी काढलेला फोटो असेल तर हे विसरू नका.

नवीन फोटो गोळा करताना सगळ्यांना सांगा की व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसते फोटो म्हणून पाठवले की ते दाबले जातात आणि काढल्याची तारीखही त्यातून निघून जाते. नावं रोमन छोट्या अक्षरांत, मध्ये आडवी रेघ, आधी साल मग विषय. मराठीचा मला अभिमान आहे पण फाईलचं नाव देवनागरीत ठेवलं की लिंकमध्ये एकेका अक्षर-मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि झिप इकडून तिकडे नेताना नावाचा चुथडाही होऊ शकतो. मराठी लिहायचं ते कॅप्शनमध्ये आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटोला जोडलेल्या वर्णनात), तिथे भरपूर लिहा, डावीकडून कोण बसलंय ते नावानिशी. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरने साईट ऐकतात, त्यांच्यासाठी तो फोटो म्हणजे ते एक वाक्यच असतं. आणि ही नावं सांगणारे ऐंशीच्या पुढचे सभासद आहेत तोवर त्यांच्याजवळ लॅपटॉप घेऊन बसा, हे काम पुढे ढकलू नका प्लीज.

जुन्या अहवालांच्या पीडीएफ उघडून त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. भलतीच अक्षरं आली तर ती बहुधा युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहे आणि गुगलला त्यातलं एक अक्षर कळत नाही. गुगल ड्राईव्हमधून डॉक्स म्हणून उघडली तर मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) बऱ्यापैकी होतं, नंतर कोणीतरी वाचून दुरुस्त करायचं. भाषणांचं एमपीथ्री ६४ केबीपीएस मोनो पुरतं, तासाला साधारण २९ एमबी होतात. व्हिडिओ यूट्यूबवर, मूळ प्रत हार्डडिस्कवर.

जुने अंक स्कॅन करून टाकायच्या आधी हक्क बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनावर हक्क असतो, आणि कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवरही तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अंक वाचनालयाच्या मालकीचा आहे म्हणून तो साईटवर टाकायचा हक्क मिळत नाही.

किती लोक काय उघडतात हेही शिफ्टिंगच्या आधी काढून ठेवा. गुगल अ‍ॅनालिटिक्स आपल्या पानावरून क्लिक केलेले डाऊनलोड मोजतं, पण गुगल सर्चमधून थेट पीडीएफ उघडली तर ते त्याला कळत नाही, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये (कुठली फाईल कधी उघडली त्याच्या नोंदीत) असतं. होस्टिंगवाल्याकडून लॉग मागून घ्या, कारण कुठल्या लिंक मोडून चालणार नाहीत ते त्यातून कळतं. शक्यतो अपलोड्सचे फोल्डर आहेत तसेच ठेवा, जिथे पत्ता बदलेल तिथे ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय). डोमेन बदलत असेल तर डेटाबेसमध्ये साधं शोधा-बदला चालवू नका, स्लायडर आणि विजेटच्या सेटिंगमध्ये अक्षरांची संख्याही साठवलेली असते, पत्ता लांब-आखूड झाला की ती सेटिंग वाचताच येत नाही. बेटर सर्च रिप्लेससारखं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) ते नीट करतं.

नवीन साईट सुरू झाल्यावर महिनाभर सर्च कन्सोलमध्ये ४०४ ची (न सापडलेल्या पानांची) यादी आठवड्यातून एकदा बघायची जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर लिहा. आणि जुन्या होस्टिंगची मुदत त्यानंतरही दोन-तीन महिने चालू राहील एवढे पैसे आत्ताच मंजूर करून घ्या.