गोकाकला सायकलने जायचंय? आधी परतीचा हिशोब मांडा

पहिल्यांदा बेळगावाहून गोकाकचा धबधबा सायकलवर गाठला तेव्हा तीन तास पुरले. आपले पाय आता तयार झाले, अशी माझी खात्रीच पटली. परतीला साडेपाच तास लागले. शेवटचा टप्पा मी सायकलवर कमी आणि सायकलशेजारून चालत जास्त केला.

चूक पायांची नव्हती, भूगोलाची होती. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि गोकाक त्याच्या दोनेकशे मीटर खाली. नद्या पूर्वेला वाहतात, रस्ताही चढ-उतार करत त्यांच्याबरोबर खाली जातो. त्यात पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा. जाताना उतार आणि पाठीवर वारा, येताना चढ आणि तोंडावर वारा. डोंगराळ भागातल्या माणसाला आधी चढून मग उतरायची सवय असते. आपल्याकडे मात्र दरी बघायला निघालं की उतार सकाळी मिळतो आणि त्याची वसुली दुपारी होते.

म्हणून पहिलं काम नकाशा बघण्याचं नाही, घड्याळ मांडण्याचं. अंतर एका बाजूला साठ-पासष्ट किलोमीटर. जायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दीडपट यायला धरा. साडेपाचला निघालात आणि साडेआठ-नऊला पोचलात, तर दहाच्या पुढे तिथे रेंगाळू नका. वारा दुपारी वाढतो.

केव्हा जावं

सप्टेंबर ते नोव्हेंबर. जुलैत पाणी जास्त असेल हा हिशोब दरवेळी जमत नाही, कारण घटप्रभेवर वरच्या बाजूला हिडकलचं धरण आहे. बेळगावात छत्री उलटवणारा पाऊस पडत असला तरी घटप्रभेचं पाणी आधी धरणात साठतं आणि सोडलं की मग गोकाकला कोसळतं. पाणी सोडल्याची बातमी बघून दिवस ठरवा.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. त्यांना ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका, आणि पहाटेच्या अंधारात मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका. सांडलेल्या उसाच्या कांड्यावरून पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही.

द्राक्षांचे मळे बघत सायकल चालवायची हौस असेल तर ती वाट वेगळी. ते मळे अथणीच्या बाजूला, कोरड्या पट्ट्यात. फेब्रुवारीत द्राक्षं तयार असतात, खरं ऊनही तयार असतं.

सायकल आणि काटे

गिअरची सायकल हवी आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीत ३२ दात असले तर परतीला गुडघे आशीर्वाद देतील. टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. ३२ असेल तर उत्तम. गावागावात रंग न मारलेले गतिरोधक आहेत, आणि सुगीच्या दिवसांत मळणीसाठी अख्खं पीक रस्त्यावर पसरलेलं असतं. त्यावरून ब्रेक मारत जाऊ नका. वेग आधीच कमी करा आणि हँडल सरळ ठेवा.

पंक्चरबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण या रस्त्यावर ते होणारच. बाभळीचा काटा टायरमधून आत घुसतो आणि टोक तिथेच मोडतं. लोक घाईघाईने ट्यूब बदलतात, हवा भरतात आणि दोन किलोमीटरवर पुन्हा खाली बसतात. तेच टोक नवीन ट्यूबला बोचलेलं असतं. म्हणून ट्यूब काढली की आधी तिच्यात थोडी हवा भरून भोक शोधा. व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे हे पाहून टायरवर तीच जागा धरा. मग टायरच्या आतून फडकं फिरवा. फडकं अडकेल तिथे काटा आहे. उघडं बोट फिरवू नका, मी फिरवलंय. काटा बाहेरून चिमट्याने किंवा नेलकटरने ओढा आणि उरलेला टायरही एकदा चाचपा, कारण काटे एकेकटे क्वचित येतात. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि पंप जवळ हवाच. पंप आदल्या रात्री आपल्याच व्हॉल्व्हवर लावून बघा. मी एकदा दुकानातून नवा पंप आणून तसाच पिशवीत टाकला, आणि वाटेत कळलं की त्याचं तोंड माझ्या व्हॉल्व्हवर बसतच नाही.

सराव

महिनाभर आधी येळ्ळूरचा राजहंसगड धरा. चढ छोटा, पण खडा. एकदा चढून फोटो काढून परत येणं म्हणजे सराव नव्हे, ओळीने तीन वेळा चढा. उतरताना ब्रेकही शिका: वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवायचा, वळणात ब्रेक सोडायचे, बाहेरच्या बाजूचा पाय खाली, आणि नजर जिथून बाहेर पडायचं तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. ब्रेक सतत घासत ठेवले तर लांब उतारावर रिम तापते.

तोंडावरच्या वाऱ्यात बसायचा सराव जांबोटीच्या रस्त्यावर होतो. तिथून पुढे कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघावा आणि मागे फिरावं. मोहाने चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या केरीला गेलात, तर सहाशे मीटरांहून जास्त चढ परतीच्या वाटेवर तुमची वाट बघत बसतो.

वाटेत

कणबर्गी सोडलं की अंकलगीमार्गे रस्ता गोकाककडे जातो. हळूहळू कानांवर पडणारी भाषा बदलते आणि पाट्या कानडीत दिसायला लागतात. मोबाईलवर विसंबू नका. 'गोकाक दारि यावदु?' एवढं विचारता आलं तरी काम होतं, आणि पाण्याला 'नीरु'. समोरच्याला अण्णा म्हटलं की अर्धा रस्ता तोच दाखवतो. एकदा चहाच्या टपरीवर एका आज्जांनी माझी सायकल खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि आपल्या मराठीत विचारलं, "गाडी हाय नव्हं घरात? मग हे कशाला?" मला अजून नीट उत्तर सुचलेलं नाही.

तहान लागायच्या आधी प्या. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ. खायला महागड्या जेलच्या पुड्या कशाला हव्यात? गोकाकचा करदंट आहे की. डिंक, गूळ आणि सुकामेवा. खिशात मावतो आणि उन्हात वितळत नाही.

धबधब्यापाशी

घटप्रभा इथे वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली येते. कडा घोड्याच्या नालासारखा. याच पाण्याच्या आधारावर १८८५ च्या सुमारास इथे सूतगिरणी उभी राहिली. साधारण २०० मीटर लांबीचा झुलता पूल उघडा असेल तर चालत जा, सायकल कुलूप लावून बाहेर ठेवा. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी धातूची पट्टी तळाला असलेले, बूट घालून ओल्या खडकावर जाऊ नका. तो धातू दगडावर बर्फासारखा सरकतो.

गोडचिनमलकीचा धबधबा इथून पंधराएक किलोमीटरवर. तो मार्कंडेय नदीचा. आपल्या राकसकोप जलाशयाची, कंग्राळीच्या शिवारातून संथ जाणारी तीच मार्कंडेय. घरच्या नदीला एवढा आवाज असेल असं वाटत नाही. पण पहिल्या फेरीत दोन्ही धबधबे करू नका.

परत

वारा फारच असेल तर लाज न बाळगता रेल्वेचा विचार करा. मिरज-लोंढा मार्गावर गोकाक रोड स्टेशन आहे. त्या गाडीत सायकल घेता येईल का, कुठे नोंदवायची, हे आदल्या दिवशीच स्टेशनावर विचारून ठेवा.

सायकलवरच येणार असाल तर हलका गिअर टाका, कोपर वाकवून खाली झुका, आणि दोघे असाल तर दोन-दोन किलोमीटर आळीपाळीने पुढे रहा. मागच्याला वारा बराच कमी लागतो. शेवटच्या पंधरा किलोमीटरांसाठी करदंटाची एक वडी राखून ठेवा. मी दरवेळी ठेवतो, आणि ती दरवेळी अंकलगीलाच संपते.