कॅरोटिड रोहिणीतील रक्तप्रवाहाचे संगणकीय प्रारूप कसे उभारावे

मानेतील कॅरोटिड रोहिणी जिथे दुभंगते, तिथल्या फुगीर भागात बाहेरच्या भिंतीलगत रक्त संथ होते, क्षणभर उलटेही फिरते, आणि मेदाचा थर बहुधा तिथेच साचतो. प्रारूप उभारायचे ते या कोपऱ्यासाठी.

सीटी अँजिओग्राफीच्या प्रतिमांवरून आकार काढण्यास सिमव्हॅस्क्युलर ही मुक्त प्रणाली पुरते. पृष्ठभाग गुळगुळीत करताना मात्र खरे अरुंदपणच पुसले जाणार नाही, याची काळजी घ्यावी. रक्ताची घनता १०६० किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि श्यानता (वाहण्याला होणारा आतला विरोध) ०.००३५ पास्कल-सेकंद धरावी. मोठ्या रोहिणीत श्यानता स्थिर मानली तरी सहसा चालते. व्यास ६ मिलिमीटर आणि सरासरी वेग सेकंदाला ०.२५ मीटर असेल, तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शिस्तीत वाहतो की खळबळतो हे सांगणारा आकडा) ४५० च्या आसपास, म्हणजे कमीच येतो; म्हणून तीव्र अवरोध नसल्यास टर्ब्युलन्स (खळबळाट) मॉडेल जोडण्याची गरज नाही. प्रवेशद्वाराशी डॉप्लर सोनोग्राफीने मोजलेला, ठोक्यागणिक बदलणारा वेग द्यावा.

खरी गोम बाहेर पडणाऱ्या टोकांपाशी आहे. दोन्ही टोकांना शून्य दाब देऊन मोकळे होण्याचा मोह नवख्याला हमखास होतो (मलाही झाला होता), आणि मिळणारी रंगीत चित्रे इतकी देखणी असतात की शंकाच येत नाही. पण तसे केल्यास कोणत्या फांदीत किती रक्त जाईल हे केवळ प्रारूपातल्या चार इंच नळीवरून ठरते. प्रत्यक्षात तो निवाडा मेंदूतल्या आणि चेहऱ्यातल्या सूक्ष्म वाहिन्यांचा रोध करतो. म्हणून प्रत्येक टोकाला दोन रोध व एक धारिता असलेले विंडकेसेल मंडल (पुढच्या वाहिन्यांचा रोध व लवचीकपणा विजेच्या मंडलासारखा मांडणारे गणित) जोडावे, आणि साधारण ७० टक्के प्रवाह आतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या फांदीत जाईल असे रोध जुळवावेत.

भिंतीलगत मेशचे (गणितासाठी आकाराचे पाडलेले बारीक तुकडे) पातळ थर द्यावेत. भिंतीवरचा शिअर स्ट्रेस (वाहत्या रक्ताचा भिंतीवरचा घर्षण-ताण) वेगाच्या उतारावरून निघतो, त्यामुळे वेगाचे आकडे स्थिरावले तरी तो स्थिरावलेला नसतो; मेश बारीक करत जावे आणि त्याच्याकडेच पाहून थांबावे. कालपायरी एक मिलिसेकंद ठेवून चार-पाच ठोके चालवावेत व निष्कर्ष शेवटच्या ठोक्यावरून काढावेत. बाहेरच्या भिंतीवर शिअर स्ट्रेसची ठोक्यावरची सरासरी ०.४ पास्कलहून कमी दिसली, तर तो भाग बारकाईने तपासावा. मात्र त्याआधी आतल्या फांदीतला प्रारूपाचा वेग तिथल्या डॉप्लर मापनाशी ताडून पाहावा, आणि ते मापन प्रारूप जुळवताना मुळीच वापरलेले नसावे.