सतराव्या शतकातील क्वेकर वादग्रंथ कसे वाचावेत

क्वेकरांचे, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे, आरंभीचे लेखन हाती घेणारा वाचक बहुधा त्यात सिद्धांतांची सुसंगत मांडणी शोधतो आणि ती न मिळाल्याने निराश होतो. इंग्लंडमध्ये १६५० च्या दशकात छापल्या गेलेल्या या पुस्तिकांचा फार मोठा भाग कोणाच्या तरी आरोपाला दिलेल्या उत्तरांचा आहे, आणि उत्तर देणारा माणूस आपल्या श्रद्धेचा आरोपाखाली सापडलेला भाग तेवढाच मांडत असतो. म्हणून कोणतीही पुस्तिका वाचण्यापूर्वी ती कोणाला उद्देशून लिहिली आहे हे पाहावे आणि शक्य झाल्यास त्या प्रतिपक्षाचे पुस्तक आधी वाचावे. त्या काळची लांबलचक शीर्षके या कामी उपयोगी पडतात, कारण प्रतिपक्षाचे नाव अनेकदा शीर्षकातच असते. याखेरीज जोसेफ स्मिथ याने क्वेकरांच्या पुस्तकांची सूची १८६७ मध्ये आणि क्वेकरविरोधी पुस्तकांची सूची १८७३ मध्ये प्रसिद्ध केली. या दोन सूची शेजारी ठेवल्या की वादांच्या जोड्या जुळू लागतात.

सरावासाठी जॉन बन्यन आणि क्वेकर उपदेशक एडवर्ड बरो यांचा वाद सर्वांत सोयीचा आहे. बेडफर्डमध्ये उपदेश करू लागलेल्या बन्यनने १६५६ मध्ये आपले पहिलेच पुस्तक क्वेकरांविरुद्ध लिहिले. बरोने त्याच वर्षी उत्तर दिले, १६५७ मध्ये बन्यनने प्रत्युत्तर दिले आणि बरोने त्यावरही लिहिले. जेरुसलेमबाहेर वधस्तंभावर मरण पावलेल्या आणि देहाने पुन्हा उठलेल्या येशूला बाजूला सारून क्वेकर माणसाच्या अंतर्यामीच्या प्रकाशालाच ख्रिस्त मानतात, हा बन्यनचा मुख्य आक्षेप होता. बरो त्या येशूला नाकारत नाही. परंतु अंतःकरणात ख्रिस्ताचा अनुभव नसताना बाहेर घडून गेलेल्या घटनेवर नुसता विश्वास ठेवणे त्याला पोकळ वाटते. हा वाद वाचताना वहीत तीन रकाने आखावेत: आरोप करणारा काय म्हणतो, उत्तर देणारा त्यातले काय स्पष्टपणे नाकारतो, आणि कशाला बगल देतो. माझ्या मते तिसरा रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण दोन्ही पक्षांची खरी अडचण तेथेच दिसते. परस्परांना दिलेल्या शिव्यांना फारसे महत्त्व देऊ नये. त्या काळच्या धार्मिक वादांची ती सर्वसाधारण भाषा होती.

बायबल मात्र सतत जवळ असावे, आणि मराठी वाचकाला मराठी भाषांतरही पुरेसे आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायाचे नववे वचन, म्हणजे प्रत्येक मनुष्याला प्रकाशित करणाऱ्या खऱ्या प्रकाशाविषयीचे वचन, हा अनेक वादांचा कणा आहे. प्रतिपक्षाच्या मते हा प्रकाश फार तर नैसर्गिक सदसद्विवेक होता आणि त्याने तारण, म्हणजे पापापासून मुक्ती, होत नव्हते. क्वेकरांच्या मते तो ख्रिस्ताचाच आणि तारण करणारा होता. याच मुद्द्यातून बायबल हे अंतिम प्रमाण आहे की ज्या आत्म्याने ते लिहवले तो आत्मा, हा प्रश्न उभा राहतो. क्वेकर पुढारी मार्गारेट फेल हिने १६६६ मध्ये स्त्रियांच्या उपदेशाच्या हक्काविषयी लिहिलेल्या पुस्तिकेतही स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे या बायबलमधील प्रेषित पौलाच्या वचनाचा तिने कसा अर्थ लावला आहे, हे मूळ वचन समोर ठेवूनच समजते.

तारखांच्या बाबतीत विशेष जपावे लागते. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, आणि महिन्यांची मूर्तिपूजक नावे टाळण्यासाठी क्वेकर केवळ क्रमांक लिहीत. त्यांचा पहिला महिना मार्च असल्यामुळे अकरावा महिना १६६० म्हणजे आजच्या गणनेने जानेवारी १६६१ होय. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला क्वेकरांनी सादर केलेले शस्त्रत्यागाचे प्रसिद्ध निवेदन याच महिन्यातले आहे. हा हिशेब चुकला तर उत्तर आरोपाच्या आधी आल्यासारखे दिसू शकते.

त्यानंतर लेखन कोणत्या काळाच्या थरातले आहे ते ठरवावे. ऑक्टोबर १६५६ मध्ये क्वेकर उपदेशक जेम्स नेलर याने येशूच्या जेरुसलेमप्रवेशाची आठवण करून देणाऱ्या रीतीने ब्रिस्टलमध्ये प्रवेश केला. संसदेने त्याला ईश्वरनिंदेबद्दल दोषी ठरवले, त्याच्या कपाळावर डाग दिला गेला आणि जिभेला भोक पाडण्यात आले. या प्रकरणानंतर क्वेकरांची भाषा अधिक सावध होत गेली. १६७३ पासून लंडनमध्ये सोमवारी सकाळी भरणारी क्वेकरांची एक सभा छपाईपूर्वी हस्तलिखिते तपासू लागली. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याची रोजनिशी म्हणून ओळखले जाणारे पुस्तक तर त्याच्या मृत्यूनंतर, १६९४ मध्ये, टॉमस एलवुडच्या संपादनाने निघाले. त्यातला बराच मजकूर फॉक्सने सुमारे १६७५ मध्ये आठवणीतून सांगून लिहवला होता आणि एलवुडने त्यातील काही धीट विधाने व चमत्कारांचे उल्लेख गाळले किंवा सौम्य केले. म्हणून, उदाहरणार्थ, १६५२ मधल्या एखाद्या घटनेसाठी केवळ या पुस्तकावर विसंबू नये. मूळ हस्तलिखितावर आधारलेली १९११ ची आवृत्ती ताडून पाहावी.

क्वेकर धर्मशास्त्रज्ञ रॉबर्ट बार्कली याचा पंधरा प्रमेयांचा ग्रंथ १६७६ मध्ये लॅटिनमध्ये आणि १६७८ मध्ये इंग्रजीत निघाला. तो इतका सुबक आहे की अनेक जण तेथूनच सुरुवात करतात. त्याने बायबलला झऱ्याचे वर्णन म्हटले, स्वतः झरा नव्हे; ही मांडणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पण तो विद्वान धर्मशास्त्र्यांसाठी लिहिणारा दुसऱ्या पिढीचा लेखक होता आणि त्याची शिस्त बरो किंवा नेलर यांच्या लेखनावर लादली, तर त्यांचा मूळ आवेश हातून निसटतो.

जॉर्ज कीथचे प्रकरण शेवटी वाचावे. बार्कलीचा हा सहकारी १६९१ ते १६९२ मध्ये फिलाडेल्फियात आपल्याच पंथातील उपदेशकांना दोष देऊ लागला की ते बाह्य, ऐतिहासिक ख्रिस्तावरील श्रद्धेला गौण मानतात. क्वेकरांच्या लंडनच्या वार्षिक सभेने त्याला १६९५ मध्ये दूर केले आणि १७०० मध्ये तो इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये गेला. त्याच्याविरुद्धची उत्तरे वाचताना बन्यनच्या वादासाठी आखलेली वही पुन्हा काढावी आणि बरोने ज्याला बगल दिली होती त्यातले किती प्रश्न आता क्वेकरांनाच परस्परांना विचारावे लागले, ते तिसऱ्या रकान्यात तपासावे.