गोव्याच्या पावसात कोलमडणारं पर्यावरणपूरक घर: या चुका टाळा

कमी वस्तूंत आणि कमी कचऱ्यात संसार करावा, हे आता बऱ्याच घरांना पटलेलं आहे. अडचण येते ती सल्ल्यांची. ते बहुतेक कोरड्या हवेच्या शहरांतून आलेले असतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जानेवारीत हौसेने सुरू केलेली कंपोस्टची कुंडी जुलैत अळ्यांनी भरते, बांबूच्या ब्रशवर बुरशी चढते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे हे नाही चालायचं." चालतं. पण पावसाळा धरून आखलं तरच. माझ्या मते गोव्यात घरातली कुठलीही नवी सवय जुलैत टिकली तरच ती लागली असं समजावं.

सुका पाला पावसात शोधायला निघणं

सर्वांत जास्त घरं इथेच हरतात, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

स्वयंपाकघरातला ओला कचरा एकटा कुजायला ठेवला तर त्याचं खत होत नाही, तो सडतो. त्याच्याबरोबर सुकं काहीतरी लागतं: वाळलेली पानं, नारळाचा काथ्या, फाडलेला पुठ्ठा, रंग न लावलेल्या लाकडाचा भुसा. ओला कचरा एक भांडं असेल तर सुकं दोन भांडी, हे माप साधारण बरोबर बसतं. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की सुकं थोडं जास्तच घ्यावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते कुठे मिळत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र आंब्याच्या, फणसाच्या, काजूच्या पानांनी अंगण भरलेलं असतं आणि घरोघरी ती जाळली जातात. धुराने घरातल्या म्हाताऱ्यांना आणि दम्याच्या मुलांना त्रास होतो तो वेगळा. शिवाय घनकचरा नियमांप्रमाणे उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. ती पानं पोत्यांत दाबून भरा आणि पाणी लागणार नाही अशा जागी, पडवीत किंवा जिन्याखाली रचून ठेवा. पावसाच्या तोंडावर आपण पुरुमेंत भरतो, सुकी मासळी, सोलं (आमसुलं), मिरच्या, उकडे तांदूळ घेतो. त्याच यादीत पाल्याची पोती लिहा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या झाडूवाल्याला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे पानं गाडीवर जाणार नाहीत.

आता बिघाड कसा ओळखायचा ते. कुंडीतलं मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एखादा थेंब आला तर ओल ठीक आहे. पाणी गळू लागलं तर पाला घाला, ढवळा, आणि तळाची भोकं बुजली नाहीत ना ते पाहा. अमोनियासारखा उग्र वास आला तर ओला कचरा जास्त झाला आहे, उपाय तोच. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोचत नाही, म्हणून आधी उलथापालथ करा. जाडसर, पांढऱ्या आणि पुढे तपकिरी होत जाणाऱ्या अळ्या दिसल्या तर बहुतेक वेळा त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, कचरा भराभर खातात. किळस वाटते हे खरं, पण त्यासाठी कुंडीवर कीटकनाशक मारू नका. वर पाल्याचा चांगला जाड थर दिला की दिसतही नाहीत.

मासळीचे खवले, आतडी, सुंगटांची (कोळंबीची) सालं कुंडीत घालायचा मोह टाळा. मागे जागा असेल तर माडाच्या आळ्यात दीड-दोन फूट खोल खड्डा करून पुरा. वरवर पुरलं तर रात्री कुत्री उकरतात. फ्लॅट असेल तर झाकणाच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि ओल्या कचऱ्याची गाडी येईल त्या सकाळी बाहेर काढा. एवढ्या एका गोष्टीने घरातला निम्मा वास जातो.

सोडणं (नारळाच्या वरच्या साली) आणि करवंट्या लवकर कुजत नाहीत, त्या कुंडीत नकोतच. आणि बाहेर ठेवायच्याच असतील तर पालथ्या ठेवा. एका उताण्या करवंटीत साठलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं. हेच "कधीतरी उपयोगी पडतील" म्हणून मागच्या दारी ठेवलेल्या डब्यांना, बाटल्यांना आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांना लागू आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवून हे सगळं उपडं करायलाच हवं.

आवरायचं म्हणजे टाकायचं, असं समजणं

वस्तू कमी करायच्या ठरल्या की पहिल्या शनिवार-रविवारी पोती भरतात. प्लास्टिकचे डबे बाहेर, काचेच्या एकसारख्या बरण्या आत. फोटो छान येतो. पण टाकलेले डबे जातात कुठे? गोव्यात जमीन किती थोडी आहे हे आपण जाणतो. मडगावजवळच्या सोनसोडोच्या कचऱ्याच्या ढिगाला २०१९ मध्ये लागलेली आग अनेकांना आठवत असेल. आपल्या घरातून गेलेली वस्तू अशाच कुठल्यातरी गावाच्या वेशीवर जाऊन पडते.

चांगला असलेला प्लास्टिकचा डबा फुटेपर्यंत वापरा. गरम जेवण त्यात नको, पण खिळे, बिया, शिवणाचं सामान, सुका पाला याला तो उत्तम. नवीन घ्यायची वेळ येईल तेव्हाच स्टील किंवा काच घ्या. आणि सासूबाईंनी किंवा आजीने जपलेले डबे, कपडे, जुनी भांडी त्यांना न विचारता काढू नका. "अडगळ" हा शब्द त्यांना लागतो, आणि एकदा मन दुखावलं की त्या घरात कुठलाच बदल होत नाही. खरं तर कापडी पिशवी, चिंध्यांची पोतेरी, जुन्या लुगड्यांची गोधडी हे सगळं त्यांच्याकडूनच शिकायचं आहे.

कापडासारखी दिसणारी पिशवी

दुकानात मिळणाऱ्या मऊ, रंगीत, "कापडी" म्हणून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. उजेडात धरून पाहा. विणलेले धागे दिसत नाहीत, ठिपक्याठिपक्यांची दाबलेली नक्षी दिसते. "कंपोस्टेबल" लिहिलेल्या पिशव्यांचंही तसंच. त्यांतल्या बहुतेक मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत कुजण्यासाठी बनवलेल्या असतात, घरच्या कुंडीत त्या महिनोन् महिने तशाच राहतात.

उलट टोकाची चूक म्हणजे सुती पिशव्यांचा साठा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या हिशेबात सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे तापमानवाढीच्या बाबतीत ती साध्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, असं दिसलं. म्हणून समारंभात फुकट मिळणारी प्रत्येक सुती पिशवी घरी आणू नका. जुन्या चादरीच्या चार-पाच शिवल्या की पुरे. एक दाराच्या कडीला, पोदेर (पाववाला) पाव आणि पोई (कोंड्याचा पाव) घालून जाईल अशी. एक स्कूटरच्या डिकीत. मासळीबाजारात पिशवीऐवजी झाकणाचा स्टीलचा डबा न्या. लहान मासळी वाट्याने मिळते, त्यामुळे वजनाचा घोळ नाही. फक्त मासळीवालीने पिशवी ओढायच्या आधी डबा पुढे करा, तिचा हात फार चपळ असतो.

मोजकेच कपडे, पण कुठल्या हवेत मोजलेले?

"शाळेचे दोन गणवेश पुरतात" हे गोव्याच्या जुलैत खरं नाही. धुतलेला गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर कपड्यांनी मुलांना जांघेत, काखेत गजकर्ण होतं. तीन जोड ठेवा. बाळासाठी कापडी लंगोट वापरत असाल तर उन्हाळ्याच्या दुप्पट लागतील, हे धरूनच चाला. ते कमी पडले आणि शेवटी रोज डायपर आणावे लागले तर कष्टही गेले आणि हेतूही. कपडे वाळायला घरात एक खोली ठरवून तिथे पंखा आणि कपडे टाकायचा उभा स्टँड ठेवला तर वीज लागते, पण ड्रायरच्या मानाने ती नगण्य.

बरण्या, किडे आणि बुरशी

पॅकिंगचा कचरा टाळायला एकदम दहा किलो डाळ घेतली आणि ऑगस्टमध्ये ती टोक्यांनी भरली, तर वाया गेलेलं अन्न त्या पिशवीपेक्षा महाग पडलं. जे उन्हात कडकडीत वाळवून मेमध्ये भरलं तेच मोठ्या प्रमाणात ठेवा. बाकी डाळी, रवा, पीठ पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणा. बरणी धुतल्यावर एक दिवस उपडी ठेवूनही आत ओल राहते, कोरड्या फडक्याने पुसूनच भरा. बांबू, ज्यूट, लाकूड यांच्या वस्तू नव्याने घेणं मी सुचवणार नाही. इथल्या हवेत स्टील, काच आणि काथ्या जास्त टिकतात.

दुधाच्या पिशव्यांबद्दल एकच सांगते. कोपरा पूर्ण कापू नका, तो लटकता ठेवा, म्हणजे बारीक तुकडा गटारात जाणार नाही. आणि पिशवी विसळून, टांगून वाळवून मगच सुक्या कचऱ्यात टाका. सुका कचरा नेणारी गाडी रोज येत नाही, तोवर न धुतलेली एक पिशवी बाकीच्या कागदालाही बुरशी लावते.

घरगुती सफाईचे उलटे उपाय

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केला की फेस येतो, पण दोघे एकमेकांना मारतात आणि मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरा. लिंबू-संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम करताना माप एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि मुदत तीन महिने. ते काचेच्या बाटलीत घट्ट बंद करू नका, वायू साठून बाटली फुटते. इथे जुनी प्लास्टिकची बाटलीच योग्य. पहिला महिना रोज झाकण सैल करा. हे द्रव आंबट असतं, म्हणून जुन्या घरांतल्या सिमेंटच्या मोझॅक लाद्यांवर वापरलं तर चमक जाते. तांब्या-पितळेला मात्र सोलं किंवा बिमलीचं आंबट फळ घासलं की दुसरं काही लागत नाही.

चवथीच्या गर्दीत सगळं विसरणं

वर्षभर सांभाळलेलं गणेशचवथीच्या पाच दिवसांत सुटतं. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. आपल्याकडे तर त्याची गरजच नव्हती, गणपतीवर टांगलेली फळा-वेलींची माटोळी हीच मोठी सजावट. पण माटोळीतही जास्त जिन्नस दाखवायची चढाओढ नको. रानातली फळं-वेली मुळासकट ओरबाडून विकायला येऊ लागल्या तर पुढच्या वर्षी त्या कुठून येणार? परसात मिळतं ते आणि बाजारातलं थोडं, एवढ्यावर माटोळी भरते. मूर्ती चिकणमातीचीच हवी. काही घराण्यांत पत्रीचा गणपती पुजतात, ती परंपरा तर फारच सुंदर आहे.

पाहुण्यांसाठी चकचकीत कागदी ताटं आणाल तर त्यांच्यावर प्लास्टिकचा थर असतो, ती ना कुजतात ना पुन्हा वापरात येतात. केळीची पानं, नाहीतर शेजारच्या घरातून आणलेली स्टीलची ताटं.

आणि ती घासणार कोण, हे आधी ठरवा. मला वाटतं, अशा घरांतली सर्वांत मोठी चूक हीच: कुंडी ढवळणं, पिशव्या विसळणं, लंगोट धुणं, सगळं घरातल्या एका बाईच्या अंगावर पडतं, आणि ती दमली की सगळं बंद पडतं. कुंडी आणि पाल्याची पोती वडिलांकडे, दुधाच्या पिशव्या आणि पालथ्या करवंट्यांची साप्ताहिक फेरी मुलांकडे, बाजारातला डबा जो बाजारात जाईल त्याच्याकडे. चवथीची ताटं जेवलेल्याने स्वतः विसळून घासायला ठेवायची आणि घासायला रोज दोघांची पाळी, पुरुष धरून. पाळ्यांचा कागद मखर बांधायच्या दिवशीच फ्रिजवर लावा.