क्लोरोक्विन हीमला चिकटतं का? मास स्पेकवर बघायची पद्धत

मलेरियाचा परजीवी आपलं हिमोग्लोबिन खातो आणि सुटलेलं विषारी हीम (त्यातला लोखंड असलेला भाग) स्फटिकांत बांधून टाकतो, क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध नेमकं तिथेच आडवं येतं. हे मास स्पेकवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, बघायला हेमिन (हीमचं क्लोराइड) डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, त्याच दिवशी केलेलंच वापरा, आणि मग मिथेनॉल-पाण्यात मायक्रोमोलरपर्यंत पातळ करून औषध मिसळा. बफर हवाच असेल तर अमोनियम अॅसिटेट, फॉस्फेट चुकूनही नको, सोर्सवर (यंत्रात नमुना फवारला जातो तिथे) मीठ बसतं आणि अख्खा दिवस साफसफाईत जातो (अनुभवाचे बोल!).

ईएसआय (द्रावण फवारून आयन बनवायची पद्धत) पॉझिटिव्ह मोडमध्ये लावा, कोन व्होल्टेज (आयन आत ओढणारा विद्युत दाब) कमी ठेवा नाहीतर हीम-औषधाची जोडी वाटेतच तुटते. एकट्या हीमचा पीक m/z (वस्तुमान भागिले विद्युतभार) ६१६ला येतो, आणि ६१४ला छोटासा दिसला तर घाबरू नका, तो लोखंडाचा हलका आयसोटोप आहे. जोडी ९३५ला शोधा, ९३७ला औषधातल्या क्लोरीनच्या जड आयसोटोपची खूण दिसायला हवी. आता फक्त ९३५चा आयन निवडून त्याला तोडणारी टकरीची एनर्जी हळूहळू वाढवत न्या, ६१६ परत आला म्हणजे बंध सैल होता. आर्टेमिसिनिन या दुसऱ्या मलेरियाच्या औषधाचं प्रकरण वेगळं, ते हीममधलं लोखंड आधी डायथायोनाइटने (क्षपणकाने) फेरस (Fe²⁺) केल्यावरच जुळतं, पीक ८९८ला, आणि बंध सहसंयुज असल्याने तुटताना तुकडेही वेगळे पडतात.

कंट्रोल (हीमला न चिकटणारं औषध घालून तीच चाचणी) मात्र लावाच, कारण स्प्रेमध्ये थेंब आटताना कोणीही कोणालाही चिकटतं. आणि दोन सँपलच्या मध्ये नळी भरपूर मिथेनॉलने धुवा, हीम जाम चिकट आहे, पुढच्या ब्लँकमध्येही (नुसत्या द्रावकातही) ६१६ डोकावतो.