संत्र्याच्या एकाच झाडावर दोन बहार? या चुका टाळा

राजेहो, संत्र्याचं झाड वर्षातून दोनदा फुलते म्हणून दोन्ही बहार, म्हणजे दोन्ही फुलोऱ्यांची फळं, धरायचे नसतात. आमच्या वरुड-मोर्शीकडे चांगले बगीचे याच हावेपायी वाळताना मी पाहिले. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार जून-जुलैच्या पावसावर फुटतो अन् त्याचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. आता बघा, फुलं यावी म्हणून आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. डिसेंबरात आंबियासाठी पाणी तोडावं तर झाडावर मृगाची फळं पोसत असतात, ती सुकतात, अन् मे महिन्यात मृगासाठी तोडावं तर आंबियाची लिंबाएवढी फळं गळून पडतात. मी हे तीन वर्षं केलं, चौथ्या वर्षी शेंड्याकडून फांद्या वाळत आल्या अन् झाडाझाडावर सल, म्हणजे वाळक्या काड्या, दिसायला लागली. आता अर्धा बगीचा आंबियाला, अर्धा मृगाला, एका झाडावर एकच बहार.

दुसरी गडबड ताणाची. शेजाऱ्याने महिनाभर दिला म्हणून आपणही तेवढाच देतो, पण त्याची जमीन मुरमाड अन् आपली काळी भारी, तिच्यातली ओल लवकर हटत नाही, तिथे दीड-दोन महिनेही लागतात. म्हणून कॅलेंडर नका पाहू, पानं पाहा. पानं फिकी होऊन मुरडली, चारातलं एक पान गळलं की ताण पुरा झाला, पुढे ओढाल तर फांद्या वाळतील. ताण चालू असताना युरिया तर टाकूच नका, नुसती पालवी फुटते. अन् ताण तोडताना, म्हणजे परत पाणी सुरू करताना, पहिलं पाणी हलकं द्या, एकदम आळं भरू नका. पाणी खोडाला लागलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, आलाच, म्हणून दुहेरी आळं करा, खोडाभोवती एक अन् पाण्यासाठी त्याच्या बाहेर दुसरं.

फळगळ दिसली की लोकं दुकानात धावतात अन् हाती येईल ते फवारतात. आधी ओल तपासा, कमी-जास्त पाण्यानेही गळ होते. मग जिबरेलिक ॲसिड (वाढीचं संजीवक) दीड ग्रॅम अन् युरिया १ किलो, १०० लिटर पाण्यात. ती पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, नुसत्या पाण्यात ती नीट विरघळत नाही, बरेच जण इथेच चुकतात.

माल निघाला की सल लगेच काढा, थोडा हिरवा भाग धरून कापा, मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. माझ्या त्या वाळक्या झाडांच्या मधल्या जाड फांद्यांवर यंदा नवती, म्हणजे नवी पालवी, आली आहे, त्यांच्यावर मी यंदा कोणताच बहार धरणार नाही.